सरकत्या सीमांतील कुलवृत्तांत : दुर्ग जिल्ह्यातील एका मराठी कुटुंबाचा शोध

कुलवृत्तांत हा मराठीतील एक मातब्बर लेखनप्रकार आहे. मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत, वतन आणि मग शाखोपशाखांचे वंशवृक्ष अशी त्याची ठरलेली मांडणी असते. या मांडणीमागे एक गृहीतक दडलेले आहे : घराणे हिंडते, भूमी मात्र जागच्या जागी राहते. छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्यात एका मराठी कुटुंबाची कागदपत्रे शोधताना या गृहीतकाचा प्रस्तुत लेखकास पुरेपूर उलटा अनुभव आला. तेथे कुटुंब जवळजवळ स्थिर होते आणि जिल्हा हलत होता.

दुर्ग ही मुळात रायपूर जिल्ह्यातील एक तहसील. १ जानेवारी १९०६ रोजी रायपूर आणि बिलासपूर या दोन जिल्ह्यांचे भाग काढून दुर्ग जिल्हा निर्माण करण्यात आला. त्याची बेमेतरा तहसील तर सिमगा आणि मुंगेली या दोन भिन्न जिल्ह्यांतील तहसिलींचे तुकडे जोडूनच उभी राहिली. १९४८ मध्ये नांदगाव, खैरागड, छुईखदान ही संस्थाने विलीन होऊन जिल्हा एकाएकी फुगला. २६ जानेवारी १९७३ रोजी राजनांदगाव हा स्वतंत्र जिल्हा होऊन तो पुन्हा आक्रसला. १ जानेवारी २०१२ पासून बालोद आणि बेमेतरा हेही वेगळे झाले. इंग्रजी कागदांत जिल्ह्याचे नाव दीर्घकाळ ‘द्रुग’ असे येते. ए. ई. नेल्सन यांचे १९१० चे गॅझेटियरही ‘द्रुग’ जिल्ह्याचेच आहे. सूचीत ‘दुर्ग’ शोधणाऱ्यास ते सापडत नाही, ही लहान अडचण नव्हे.

ज्या कुटुंबाविषयी येथे लिहावयाचे आहे ते आज भिलाईत राहते. त्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत. कुटुंबातील आजोबांचा जन्म १९४४ चा, राजनांदगावचा. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून तेथील कापड गिरणीत कामाला आले होते. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली होती, आणि आमगाव-डोंगरगड मार्गे ही वाट वैदर्भीय मजुरांना सरळ होती. पुढे आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले. राजनांदगाव ते भिलाई हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. तीन पिढ्यांचा सारा प्रवास तेवढाच. आता नातीला महाविद्यालयीन प्रवेशासाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी हे कुटुंब आजच्या छत्तीसगडच्या भूभागात राहत होते, असे सिद्ध करणे आवश्यक होते.

हाती एकच कागद होता : शाळेच्या दाखिल-खारिज रजिस्टरातील १९५१ ची नोंद. तीत जन्मस्थान ‘राजनांदगाव, जिल्हा दुर्ग’ असे आहे. वरवर पाहता नोंद निर्दोष. परंतु १९४४ मध्ये राजनांदगाव दुर्ग जिल्ह्यात नव्हते. ते नांदगाव संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. गुरुजींनी जन्माच्या वेळचा नव्हे, तर नोंद करतेवेळचा जिल्हा लिहिला. यात लबाडी नाही, सवय आहे. तरीही एका कार्यालयात ही नोंद १९५० नंतरची म्हणून अपुरी ठरली. जन्मनोंद पाहावी तर दुर्गला सांगितले गेले की संस्थानी कागद राजनांदगावला गेले, आणि राजनांदगावला सांगितले गेले की जुने कागद दुर्गलाच राहिले. दोन्ही ठिकाणची माणसे सौजन्याने वागली, हे नमूद केले पाहिजे.

साहित्येतिहासकारांनी या गुरुजींना हसू नये. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात रुजू झाले, तेव्हा ते गाव दुर्ग जिल्ह्यात होते. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही तेथेच होते. आपण मात्र ‘राजनांदगाव जिल्हा’ असे बिनदिक्कत लिहून जातो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दोनच वर्षे आधी ते नागपूरहून निघाले असते तर एकाच राज्यातील एका गावाहून दुसऱ्या गावी गेले असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि त्यांचे मराठीत लिहिणारे धाकटे बंधू शरच्चंद्र यांचे नागपूर परराज्य झाले. एका घरातील दोन भाषांच्या या प्रसिद्ध विभागणीची चर्चा करताना राज्यसीमेची ही तारीख जमेस धरलेली फारशी आढळत नाही.

आपल्या कुटुंबाच्या बाबतीत त्या वर्षी आणखी एक सीमा बदलली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अठराच दिवसांनी राज्य बदलले. धाकट्या भावंडांच्या नोंदींत पुढे ‘बौद्ध’ असे येते, थोरल्यांच्या नोंदींत ‘महार’, तर एका ठिकाणी हिंदी लेखनिकाच्या हातून ‘मेहर’. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यास १९९० ची दुरुस्ती यावी लागली. जातिनामाच्या वर्णभेदांचा प्रश्न तर इतका खरा आहे की छत्तीसगडच्या यादीत ‘मेहरा, महार, मेहर’ यांच्या जोडीला ‘महारा’ व ‘महरा’ घालण्यासाठी २०२३ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. पाठभेद हा केवळ पोथ्यांचा विषय आहे, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शोध अडला होता तो आजोबांच्या एका सहज उद्गाराने सुटला. “आक्का तर मामाच्या गावची,” ते म्हणाले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, १९३८ चा जन्म. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे त्यांची आई आमगावजवळच्या आपल्या खेड्यात गेली होती. ते खेडे ब्रिटिश मुलखात, भंडारा जिल्ह्यात होते आणि तेथे जन्ममृत्यूची कोतवाल बुके ठेवली जात. जिल्हा येथेही बदललाच आहे : १ मे १९९९ पासून ते गोंदियात आहे. पण बुक सापडले. शाई फिकट, हात वळणदार. बापाचे नाव, जात ‘महार’, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘रा. नांदगाव, गिरणी’.

संस्थानातील वास्तव्याचा पुरावा अशा रीतीने संस्थानाबाहेर, आईच्या माहेरी मिळाला. छापील कुलवृत्तांतांत सुना बहुधा ‘अमक्याची कन्या’ एवढ्यावर आटोपतात. त्या पद्धतीने शोधले असते तर हे खेडे दृष्टीसच पडले नसते.

नोंदीचे हिंदी भाषांतर जोडणे भाग होते. ते काम माझ्याकडे आले. महाराष्ट्रात नांदगावे कितीतरी आहेत. मूळ शब्दात ‘राज’ घालण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही, म्हणून ‘नांदगाव’ तसेच ठेवले आणि ‘गिरणी’साठी ‘कपड़ा मिल’ न लिहिता नुसते ‘मिल’ लिहिले. खुलासा वेगळ्या कागदावर दिला. अर्ज मंजूर झाला. आक्कांना नक्कल दाखवली तेव्हा त्यांनी आपले नाव कुठे आहे असे विचारले. त्या रकान्यात फक्त ‘मुलगी’ असे आहे.