दात, गोळी आणि कडक भाकरी

आमच्या सोलापुरात म्हाताऱ्याची तब्येत विचारायची तर 'कडक भाकरी चावते का अजून?' एवढं विचारलं तरी पुरतं. (निदान आमच्या पेठेत तरी!) पण ज्याला आपलं दुखणं सांगताच येत नाही, त्याच्या दातांची चौकशी कोण करणार?

आधी थोडा इतिहास. मास्तरकीची सवय, दुसरं काय... भूल देण्याची विद्या वाढली ती दातांपायी. 1844 साली अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. 1846 मध्ये बोस्टनच्या इस्पितळात विल्यम मॉर्टनने ईथर देऊन दाखवलं, तोही दंतवैद्यच.

दुसरी गोष्ट 1938 ची. मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन हे औषध फिट्सवर चालतं हे दाखवून दिलं. आपल्याकडची एप्टॉइनची गोळी ती हीच. आधीची औषधं फिट्स थांबवत, पण माणसाला गुंगीत ठेवत. या गोळीने तशी गुंगी येत नसे. मात्र पुढच्याच वर्षी किंबॉल यांनी नोंदवलं की ती घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या हिरड्या वाढतात. हिरड्या दातांवर चढतात, अन्न अडकतं, रक्त येतं. दात स्वच्छ ठेवले तर हा त्रास कमी होतो. पण ज्याचा हातच वळत नाही, त्याने ब्रश कसा करायचा?

आमच्या जुन्या वाड्यात असा एक मुलगा होता. जन्मापासून मेंदूला इजा, बोलणं नाही, लहानपणापासून तीच गोळी. आई विड्या वळायची. विशीत आल्यावर तो ताट भिरकावू लागला, रात्र रात्र ओरडायचा, स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायचा. सगळे म्हणत, हट्टी झालाय. दोन दवाखान्यांतून 'खुर्चीत स्थिर बसत नाही' म्हणून परत पाठवलं. शेवटी पुण्याला नेऊन पूर्ण भूल दिली आणि एकाच बैठकीत सगळं उरकलं. तीन दाढा काढल्या, चार दात भरले, वाढलेल्या हिरड्या कापल्या. फिट्सच्या डॉक्टरांनी गोळीही बदलून दिली. (ती आपल्या मनाने कधीही बंद करू नये, हे आवर्जून सांगतो.) महिन्याभरात बुक्क्या थांबल्या. आमटीत कुस्करलेली भाकरी तो शांतपणे खाऊ लागला. आई कित्येक महिन्यांनी रात्रभर झोपली. पुढे पोरगं चिडलं की ती आधी बॅटरी घेऊन त्याच्या तोंडात बघायची.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, उपचारात अग्रक्रमही आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या 'निरामय' विमा योजनेत दातांचाही विचार केलेला आहे. कागदावर चांगलंच आहे. पण असे दात करायचे तर दंतवैद्य, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह तिन्ही एकाच वेळी जुळावे लागतात. अक्कलकोटकडच्या एखाद्या खेड्यातल्या आईने त्यासाठी मजुरी बुडवून, वीस वर्षांचा मुलगा उचलून, एसटीने किती खेपा घालायच्या?