खरखरींतली सुसंगति

रेडिओवर गाणें चालू असतां मधूनच जी खरखर ऐकूं येते, ती आपणां सर्वांस नकोशी वाटते. तसल्याच एका खरखरींतून अणूंची मांडणी कशी वाचली गेली, ती हकीगत आज सांगावयाची आहे.

१९५६ सालीं हॅनबरी ब्राऊन व ट्विस या दोघांनीं इंग्लंडांत व्याधाच्या ताऱ्याचा व्यास मोजला. (हे ब्राऊनसाहेब जन्मले आपल्या नीलगिरींत, अरुवंकाडूस.) साधनें म्हणाल तर शोधदीपांचे दोन आरसे! दोहोंवर पडणाऱ्या प्रकाशांतील बारीक चढउतार त्यांनीं ताडून पाहिले. आरसे जवळ असतां ते जुळत, दूर नेतां जुळेनासे होत. त्यावरून तारा केवढा दिसतो तें निघालें. कित्येक विद्वानांनीं हें अशक्य ठरविलें. दोन स्वतंत्र प्रकाशकण एकमेकांची चाल काय म्हणून सांभाळतील? शंका रास्त होती. पण उत्तराचें बीज ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोसांनीं १९२४ सालींच मांडलेल्या गणितांत होतें. एकजातीय कणांना नांवनिशी नसते. पहिला या दारीं व दुसरा त्या दारीं आला, कीं उलट झालें, हा भेद निसर्गच करीत नाहीं.

जी गोष्ट प्रकाशाची, तीच अणूंची. लेसरचे किरण समोरासमोर सोडले कीं प्रकाशाचे खळगे तयार होतात. आप्पेपात्रें एकावर एक रचावीं तसे. अतिशीत अणु त्यांत बसतात. प्रकाश मालविला कीं ते पांगतात, आणि त्यांच्या छायाचित्रांत एक निराकार डाग तेवढा उमटतो. मांडणीचा मागमूस नाहीं! डागावरील कणीदार खरखर म्हणजे निव्वळ दोष, असेंच कोणीहि म्हणेल. १९०४ नव्हे, २००४ सालची ही गोष्ट: ऑल्टमन, डेमलर व लुकिन यांनीं सुचविलें कीं ती खरखरच ताडून पाहा. दुसऱ्याच वर्षीं जर्मनींत माइन्त्स येथें इमान्युएल ब्लॉख यांच्या मंडळींनीं रुबिडियमच्या अणूंवर तसें केलें. एका चित्रानें भागलें नाहीं. अनेक चित्रांची सरासरी घ्यावी लागली. तेव्हां ठराविक अंतरांवर टोंकदार शिखरें उभीं राहिलीं. खळगे जितके जवळ, तितकीं हीं शिखरें दूर. म्हणजे जाळी सांपडली!

मला स्वतःला मात्र याहून नवल वाटतें तें २००६ सालच्या प्रयोगाचें. त्याच ठिकाणीं पोटॅशियमचे ४० भाराचे अणु घेतले. हे फर्मीच्या पंथाचे, एका जागीं दोघे न राहणारे. आणि जेथें शिखरें दिसावयाचीं, नेमके तेथेंच खड्डे पडलेले आढळले.