राणीचा फोटो का नाही? बंडखोरांची छायाचित्रं वाचताना

झाशीच्या राणीचा ‘खरा फोटो’ तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. खाली ओळ असते: हॉफमन नावाच्या फोटोग्राफरने १८५० साली काढलेला. संशोधन करू पाहणाऱ्यांनी तो फॉरवर्ड करण्याआधी एक साधं काम करावं, तारखा जुळवून बघाव्यात.

भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात हॉफमन हे नाव येतं ते कोलकात्याच्या ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ या स्टुडिओमुळे. हा स्टुडिओ सुरू झाला १८८०च्या दशकात. लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या जून १८५८ मध्ये. शिवाय १८५० साली गंगाधरराव हयात होते, झाशी खालसा व्हायची होती. म्हणजे तारीख, स्टुडिओ आणि प्रसंग, काहीच एकमेकांशी जुळत नाही.

आता दुसरं उदाहरण घ्या. जानेवारी १८६३ मध्ये पोलंडमध्ये रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. त्या बंडखोरांचे स्टुडिओत काढलेले कितीतरी फोटो आज संग्रहालयांत आहेत. चौकोनी टोपी, कमरेला पट्टा, हातात बंदूक किंवा तलवार, आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे. क्राकूव शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. तिथे वालेरी झेवुस्कीच्या स्टुडिओत अशा लोकांचे फोटो निघाले.

अवघ्या पाच वर्षांच्या अंतरात एवढा फरक कसा पडला? एक कारण तंत्राचं. दिस्देरीने १८५४ साली पॅरिसमध्ये ‘कार्त द व्हिजीत’चं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छबी, साधारण ६ बाय ९ सेंटिमीटरची कार्डं, आणि हव्या तितक्या प्रती. १८६०च्या दशकात युरोपात याची लाटच आली. लढायला निघालेला तरुण आईसाठी एक कार्ड ठेवून जाऊ शकत होता. अर्थात तेच कार्ड पोलिसांच्या हाती लागलं, तर ओळख पटवायलाही चालत होतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: कॅमेरा कोणाच्या हातात होता? मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, डॉ. नारायण दाजींसारखे भारतीयही फोटो काढत होते. पण १८५७च्या लढाईच्या मुलुखात कॅमेरे होते ते मुख्यतः इंग्रजांकडे किंवा त्यांच्या सैन्यामागून आलेल्यांकडे. फेलिचे बिआतो १८५८ मध्ये आला आणि त्याने लखनौचे भग्नावशेष टिपले. बहादूरशहा जफरचा फोटो निघाला तोही कैदेत असताना. पोलिश तरुण स्वतःच्या पायांनी स्टुडिओत गेला होता. बादशहाला मात्र तो फोटो हवा होता का, हे कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

मग राणी दिसायची कशी, हे कळणारच नाही का? कळतं, पण शब्दांतून. १८५४ मध्ये वकील जॉन लँग तिला भेटला. पडद्याआडून ओझरती दिसलेली पांढऱ्या मलमलीतली राणी त्याने लिहून ठेवली. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये ती कधी पुरुषी पोशाखातही भेटते. ही वर्णनंही तपासूनच वापरायची: लँगने किती पाहिलं, गोडसे भटजींनी किती वर्षांनी लिहिलं?

मरोळहून रोज फोर्टातल्या पुराभिलेखागारात जाणं सगळ्यांना जमत नाही, हे मान्य. मग फोनवर सापडलेला फोटोच प्रबंधात लावायचा मोह होतो. तेव्हा चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. फोटो कोणी काढला? कोणाच्या इच्छेने? हातातली तलवार त्या माणसाची की स्टुडिओची? आणि कार्डाच्या मागच्या बाजूला काय छापलंय? स्टुडिओचं नाव नि पत्ता बहुधा तिथेच असतो, आणि फॉरवर्ड केलेल्या फोटोत नेमकी तीच बाजू नसते.

उत्तरं मिळाली नाहीत, तर तो फोटो पुरावा म्हणून वापरू नका. ‘राणीचा खात्रीलायक फोटो उपलब्ध नाही’ असं लिहायला लाजायचं कारण नाही. तो का नाही, यावर तुमचं एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.