विनोद कांबळी : तेविसाव्या वर्षी संपलेली कसोटी कारकीर्द

मुंबई क्रिकेटच्या इतिहासात गुणवत्ता आणि वाताहत या दोन्ही शब्दांबरोबर एकाच खेळाडूचे नाव घेतले जाते. विनोद गणपत कांबळी १७ कसोटी सामने खेळला. त्यात त्याने ५४.२० च्या सरासरीने १०८४ धावा केल्या. दोनशे कसोटी खेळलेल्या सचिन तेंडुलकरची सरासरी ५३.७८ आहे. एकवीस डावांची तुलना एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीशी होऊ शकत नाही, हे खरे. परंतु ज्याची कसोटी कारकीर्द तेविसाव्या वर्षीच संपली, तो काय तोडीचा फलंदाज होता, हे या आकड्यावरून कळते.

१८ जानेवारी १९७२ रोजी जन्मलेला कांबळी कांजूरमार्गच्या चाळीत वाढला. खेळाचे धडे गिरविण्यासाठी तो लोकलने दादरला जाई आणि शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली सराव करी. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिरकडून त्याने आणि सचिनने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. त्यात सचिनच्या नाबाद ३२६, तर कांबळीच्या नाबाद ३४९ धावा होत्या. त्यानंतर गोलंदाजीतही त्याने सहा बळी घेतले. पुढे रणजी करंडकात आपण खेळलेला पहिलाच चेंडू त्याने षटकारासाठी भिरकावला.

सुवर्णकाळ आणि घसरण

१९९३ हे साल कांबळीचे होते. जानेवारीत, एकविसाव्या वाढदिवशी त्याने जयपूर येथे इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय शतक झळकावले. त्याच महिन्यात कोलकात्यात कसोटी पदार्पण झाले. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, पाठोपाठ दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७ आणि त्यानंतर श्रीलंका दौऱ्यात १२५ व १२० अशी चार शतके त्याने अवघ्या काही महिन्यांत ठोकली. अवघ्या १४ डावांत त्याच्या हजार कसोटी धावा पूर्ण झाल्या.

१९९४-९५ च्या मोसमात वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड टप्प्याच्या चेंडूंवर त्याची उणीव उघड केली. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटक येथे न्यूझीलंडविरुद्ध तो अखेरची कसोटी खेळला. पुढच्याच वर्षी लॉर्ड्सवर सौरव गांगुली आणि राहुल द्रविड यांनी पदार्पण केले आणि मधल्या फळीतील जागा भरल्या. घोट्याची दुखापत आणि मैदानाबाहेरील बेशिस्तीची चर्चा यांचीही त्यात भर पडली.

१३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांनी गोंधळ घातला. भारताची अवस्था ८ बाद १२० असताना सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. रडत तंबूत परतणाऱ्या कांबळीचे ते छायाचित्र आजही अनेकांच्या स्मरणात आहे. एकदिवसीय संघात मात्र तो वारंवार आत-बाहेर होत राहिला. १०४ सामन्यांत २४७७ धावा करून ऑक्टोबर २००० मध्ये शारजात त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. प्रथम श्रेणीत त्याच्या खात्यावर ३५ शतके आणि ९९६५ धावा आहेत. दहा हजारांचा टप्पा केवळ ३५ धावांनी हुकला.

खेळ थांबल्यावर

चित्रपट, दूरचित्रवाणी, २००९ मध्ये विक्रोळीतून विधानसभेची निवडणूक असे अनेक मार्ग त्याने चोखाळले. परंतु कुठेच जम बसला नाही. २०१३ मध्ये मोटार चालवीत असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. क्रिकेट मंडळाचे दरमहा ३० हजार रुपयांचे निवृत्तिवेतन हेच आपले एकमेव उत्पन्न असल्याचे त्याने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले आणि मुंबई क्रिकेट संघटनेकडे काम मागितले. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगी सचिनचा हात धरून बसलेला थकलेला कांबळी सर्वांनी पाहिला. त्याच महिन्यात त्याला भिवंडीतील रुग्णालयात दाखल करावे लागले. मद्याच्या व्यसनाविषयी आणि त्यावरील उपचारांविषयी तो स्वतःच जाहीरपणे बोलला आहे. कपिल देव यांच्यासह १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडूंनी मदतीचा हात पुढे केला. सुनील गावसकर यांच्या 'चॅम्प्स' या संस्थेने २०२५ मध्ये त्याला दरमहा आर्थिक साह्य देण्याचे ठरविले.

'हाती आलेले सोने त्याने मातीमोल केले,' एवढ्यावर अनेकजण हा विषय मिटवितात. कांबळीच्या चुका त्याच्या पदरी आहेतच. तथापि, चाळीतून थेट प्रसिद्धीच्या झोतात आलेल्या मुलाला पैसा, व्यसन आणि अपयश यांविषयी सावध करणारी यंत्रणा त्या काळी नव्हती. वार्षिक कराराची पद्धत त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपल्यानंतर सुरू झाली; आयपीएल २००८ मध्ये आली. माजी खेळाडूंची 'इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन' लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये स्थापन झाली.

कांजूरमार्गहून दादर हे अंतर लोकलने फार नाही. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या वाडीतून पुण्या-मुंबईच्या मैदानावर येणाऱ्या मुलाचे अंतर त्याहून कितीतरी मोठे असते. घरापासून दूर राहणाऱ्या अशा मुलाचा सराव जितक्या काळजीने पाहिला जातो, तितक्याच काळजीने त्याचे शिक्षण, संगत आणि मनःस्थितीही पाहिली जावी. संघातून नाव वगळले गेले, त्या दिवशी त्याच्याजवळ कोण असेल, याचा विचार पालकांनी, प्रशिक्षकांनी आणि संघटनांनी आधीच करून ठेवायला हवा.