छापील अक्षरावरचे आक्षेप

मुंबई इलाख्यात मुद्रणकला रुजू लागली, तेव्हा तिच्यावर घेतलेला एक अगदी आरंभीचा आक्षेप विचारांविषयी नव्हता, शाईविषयी होता. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःच्या हिकमतीने शिळाछापाचे यंत्र उभारून १८३१ साली मराठी पंचांग छापले. परंतु छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून कर्मठ मंडळी त्या कागदाला शिवेनात, आणि गणपत कृष्णाजींनी वाद घालीत न बसता चरबीच्या जागी तूप घालून शाई सिद्ध केली. वरवर पाहता हा सोवळ्याओवळ्याचा क्षुल्लक तंटा भासतो. पण तिथी आणि मुहूर्त ज्याच्या मुखातूनच कळावयाचे त्या ग्रामजोश्याच्या वतनाला, पंचांग कोणाही साक्षर गृहस्थाच्या हाती पडू लागले की, झळ पोहोचणारच होती. शाईची शुद्धी तुपाने साधली, तरी जुन्या अधिकाराला बसणारा हा धक्का तुपाने टळण्याजोगा नव्हता.

पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ घेऊन निघाले आणि १८४१ मध्ये भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ आला. याच ‘प्रभाकरा’त १८४८ पासून गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे लिहिली, त्यांत ब्राह्मणांच्या विद्येपासून विधवांच्या स्थितीपर्यंत सर्व विषयांवर इतके कठोर लिहिलेले असे की, तेच शब्द एखाद्याने भर सभेत उच्चारले असते तर त्याच्यावर ग्रामण्य उभे राहिले असते. टोपणनावाच्या लेखकाला मात्र प्रायश्चित्त कोणी द्यावे आणि पंक्तीतून कोणी उठवावे? बोलणाऱ्याला समोर उभे करून जाब विचारण्यावर ज्या समाजाची शिस्त उभी होती, त्याच्या हातून ती शिस्त येथे प्रथम निसटली.

कादंबरीचा वाचक वाढू लागल्यावर आक्षेपाने वाङ्मयीन रूप धारण केले. लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या ‘मुक्तामाले’नंतर (१८६१) अद्भुत योगायोगांनी भरलेल्या कथांचे पेव फुटले, तेव्हा काशीनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहून अशा ग्रंथांच्या असंभाव्यतेवर टीका केली. सरकारची चिंता निराळी होती. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव घालणे आणि प्रती सरकारात दाखल करणे आवश्यक झाले. १८७८ च्या कायद्याने तर देशी भाषांतील पत्रांकडून मुचलका लिहून घेण्याचा अधिकार जिल्ह्याच्या अंमलदारास मिळाला, आणि इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी राहिली.

सत्यासत्याचा प्रश्न कोल्हापूर प्रकरणाने ऐरणीवर आणला. छत्रपतींचा छळ होत असल्याच्या वार्तेने व्यथित होऊन ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर जे आरोप केले, त्यांचा आधार असलेली पत्रे बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. संपादकांचा हेतू निर्मळ होता याविषयी लोकांना संशय नव्हता, म्हणूनच सुटकेनंतर त्यांचा सन्मान झाला; परंतु सद्हेतूने छापलेली गोष्ट खरीच असते असे नाही, हा धडा त्या सन्मानाच्या गलबल्यात काहीसा मागे पडला.

या सर्व आक्षेपांत एक उणीव समान होती: लिहितो कोण आणि कोणाकरिता, हे कोणीच विचारीत नव्हते. तो प्रश्न सत्यशोधक परंपरेने विचारला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत चालविला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायका’च्या पहिल्याच अंकात डॉ. आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांची झडती घेऊन, बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात आणि इतरांची त्यांना पर्वा नसते, असे परखडपणे मांडले. शाई, नीती आणि राजनिष्ठा यांविषयीच्या आधीच्या तक्रारी छापील अक्षर वाचकाचे काय करते एवढेच पाहत होत्या. ही तक्रार ज्याला लिहावयासच मिळत नाही त्याच्या बाजूने होती.

आणि ही टीका फुकटची नव्हती. शाहू महाराजांचे अडीच हजार रुपयांचे साहाय्य लाभूनही ‘मूकनायक’ अल्पायुषी ठरला. तरी ३ एप्रिल १९२७ रोजी आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि त्यातील पुष्कळसा मजकूर स्वतःच्याच हाताने लिहिला. नव्या माध्यमाचे दोष दाखविणारे त्या शतकात थोडे नव्हते. परंतु दोष दाखवून झाल्यावर छापखान्याचे बिल आणि रिकाम्या स्तंभांचा भार आपल्या अंगावर घेणाऱ्याची टीकाच समाजाला काही देऊन गेली.