पाइप एकच, भिजवणारे तीन

सिरसाळ्याकडे सामाईक विहिरीवर ज्यांची पाळी असते, त्यांना माझा पीएचडीचा विषय सांगायला फार वेळ लागत नाही. लाइट ठरावीक तास, मोटर एक, आणि प्रत्येक पिकाला ठरल्या दिवसांत पाणी मिळालंच पाहिजे. मोटर म्हणजे प्रोसेसर, पिकं म्हणजे कामं. रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम हेच करते, फक्त दिवसांऐवजी मिलिसेकंदांत.

याचं गणित १९७३ साली लिऊ आणि लेलँड यांनी मांडलं. लेलँड अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत होते. हे नाव लक्षात ठेवा. नियम साधा: ज्याची पाळी लवकर लवकर येते त्याला अग्रक्रम. मग दोन कामं असतील तर प्रोसेसर ८२.८ टक्के भरेपर्यंत एकही मुदत चुकत नाही. कामं वाढली की ही हमी ६९ टक्क्यांकडे उतरते. (त्यावर गेलं की बिघडतंच असं नाही, फक्त या सूत्राची हमी राहत नाही.) पण त्यांनी एक गृहीत धरलं होतं: कामं एकमेकांवर अवलंबून नाहीत.

विहिरीवर असं कधी असतं का? समजा, धाकट्या भावाने सामाईक पाइप कापसाला लावलाय. कांद्याचं रोप सुकतंय, सगळ्यात घाई त्याचीच, पण पाइप सुटेपर्यंत थांबणं आलं. तेवढ्यात धाकट्याला कुणी ऊस भरायला घेऊन गेलं. ऊसभरणी रोपाएवढी घाईची नाही, तरी तिच्यापायी रोप वाळतंय. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. १९९० मध्ये शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी यावरचे उपाय सविस्तर मांडले. त्यातला सोपा असा: पाइप हातात आहे तोवर धाकट्याला रोपाचा अग्रक्रम द्या, म्हणजे ऊसवाला त्याला हलवू शकणार नाही.

४ जुलै १९९७ ला त्याच लॅबोरेटरीचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या खालच्या कामाने सामाईक कुलूप धरलेलं, मधली कामं त्याला बाजूला सारून चालू, आणि माहितीची ने-आण सांभाळणारं वरचं काम खोळंबलेलं. १९९० चा उपाय यानाच्या व्हीएक्सवर्क्समध्ये होताच, त्या कुलपापुरता बंद ठेवलेला. पृथ्वीवरून तो चालू केला आणि रीसेट थांबले.

मला खुपतं ते वेगळंच. हा रीसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसला होता, पण पुन्हा घडवून आणता आला नाही. मॉडेल करायचं ते एवढ्यासाठी: कामं ज्या ज्या क्रमाने येऊ शकतात ते सगळे क्रम तपासायचे, नशिबाने समोर आले तेवढेच नाही. तीन कामं आणि एक कुलूप असेल तर लॅपटॉप हा घोळ लगेच शोधून देतो. कामं वाढवत नेली की क्रम इतके होतात की मेमरीच पुरत नाही, आणि सध्या मी तिथेच अडकलोय.