धान्यरक्षण, घरगुती

धान्यरक्षण, घरगुती : घरातील कोठीत किंवा स्वयंपाकघरात साठविलेली तृणधान्ये, कडधान्ये, पिठे इ. पदार्थांचे कीटक, उंदीर, घुशी व बुरशी यांपासून रक्षण करण्याच्या पद्धती. महाराष्ट्रात वर्षाचे धान्य उन्हाळ्यात वाळवून भरून ठेवण्याची चाल पूर्वी सार्वत्रिक होती व अनेक कुटुंबांत ती अद्याप टिकून आहे. पावसाळी दमट हवेत या साठ्यास कीड लागली, तर केवळ काही पायल्यांची नासाडी होत नसे. पुढील सुगीपर्यंतच्या अन्नाचा प्रश्न उभा राही. या रक्षणाच्या इतिहासात दोन मार्ग दिसून येतात. धान्य कोरडे करणे, बंदिस्त ठेवणे व जुने आधी वापरणे हा पहिला, प्राचीन मार्ग होय. विषारी द्रव्यांनी कीड मारणे हा दुसरा मार्ग विसाव्या शतकात विशेष पुढे आला. त्याने कीड लवकर आटोक्यात आणली, परंतु विष अन्नाच्या अगदी जवळ आणून ठेवले.

कीड व तिचे जीवन : तांदूळ, गहू व ज्वारी यांत आढळणाऱ्या सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते व ते छिद्र चिकट स्रावाने बुजविते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उबदार हवेत सु. एका महिन्यात पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारे धान्यही आतून किडलेले असू शकते. मूग, चवळी, तूर इ. कडधान्यांवरील भुंग्याची मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी चिकटविते. ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. ही लागण पुष्कळदा शेतातील शेंगांपासूनच सुरू होते. तांबड्या भुंगेऱ्याला अखंड दाणा सहसा फोडता येत नाही. तो पीठ, रवा व फुटके दाणे यांवर वाढतो. तांदूळ, रवा इत्यादींत दिसणारी जाळी ही एका पतंगाच्या अळीने विणलेली असते. बहुतेक धान्यकीटकांची वाढ २५° ते ३५° से. तापमानात जोमाने होते. दाण्यातील ओलावा १० टक्क्यांच्या खाली गेल्यास मात्र त्यांचे प्रजनन मंदावते. किड्यांच्या श्वसनामुळे साठ्यात उष्णता व ओलावा वाढतो आणि बुरशीलाही अनुकूल स्थिती निर्माण होते.

प्राचीन काळ : पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत धान्य साठविण्याचे गोल खड्डे, कणग्या ठेवण्यासाठी बांधलेले मातीचे गोल ओटे आणि मोठे रांजण आढळले. यावरून इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातच महाराष्ट्रातील शेतकरी धान्य जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवण्याची काळजी घेत होता, असे दिसते. कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाच्या कर्तव्यांचे वर्णन करताना धान्य उंचावर आणि तेल-तूप मातीच्या वा लाकडी पात्रांत ठेवावे, असे सांगितले आहे. साठ्याचा अर्धा भाग आपत्काळासाठी राखावा व नवे धान्य येताच जुने काढून त्या जागी ते भरावे, असाही नियम त्यात आहे. उंदरांच्या उपद्रवावर मांजरे व मुंगुसे सोडण्याचा उपाय त्याच ग्रंथात आढळतो.

पारंपरिक साधने : कोरडा मुरूम व पाण्याची खोल पातळी असलेल्या भागांत जमिनीत पेव खणीत. अरुंद तोंडाच्या या खड्ड्यास आतून कडब्याचे किंवा गवताचे अस्तर देऊन त्यात ज्वारी भरीत आणि तोंड दगड व माती यांनी लिंपून टाकीत. आत कोंडलेल्या हवेतील ऑक्सिजन दाणे व किडे यांच्या श्वसनाने संपत जातो आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू साचतो. त्यामुळे कीड आपोआप मरते. हाच वायू माणसासही घातक असल्याने पेव उघडल्यावर काही काळ तसेच ठेवून, दिवा आत सोडून तो विझत नाही याची खात्री करून मगच आत उतरत. ही दक्षता न घेतल्यास उतरणाऱ्याचा प्राण जाई. एकदा फोडलेले पेव पुन्हा पूर्ववत बंद होत नसल्याने सर्व धान्य एकाच वेळी काढावे लागे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार यावरूनच रूढ झाला. सांगलीजवळील हरिपूर येथील पेवे हळदीच्या साठवणीसाठी प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांपैकी अनेकांत पाणी शिरून मोठी हानी झाली.

बांबूची विणलेली व शेणमातीने सारवलेली कणगी, मातीची कोठी आणि वाड्यातील बळद ही घरातील साठवणीची साधने होती. मातीच्या कोठीत धान्य वरून भरीत व खालच्या छिद्राचा बोळा काढून लागेल तेवढे घेत. त्यामुळे आधी भरलेले धान्य आधी वापरले जाई. कोकण व गोव्यात तांदूळ भाताच्या पेंढ्यात घट्ट आवळून त्याचे मुडे बांधीत. भात सडून ठेवण्याऐवजी तुसासकट साठविण्याच्या पद्धतीमुळेही सोंड्यांचा उपद्रव कमी होई, कारण अखंड तूस त्यांना सहज भेदता येत नाही. कडधान्याची डाळ करून ठेवण्यातही असाच लाभ होता. भुंग्याला वाढीसाठी अखंड दाणा अधिक मानवतो.

भरण्यापूर्वी धान्याला कडक ऊन देणे, ते पाखडणे, चाळणे व निवडणे ही कामे मुख्यतः घरातील स्त्रियांची होती आणि साऱ्या रक्षणाचा पाया या श्रमांवरच होता. धान्यात राख मिसळल्याने किड्यांच्या अंगावरील मेणचट आवरण खरवडले जाऊन ते शुष्क होऊन मरतात. एरंडेल चोळल्याने दाण्यावरील अंडी गुदमरतात. कडुनिंबाच्या पाल्यातील द्रव्ये कीटकांना खाण्यापासून परावृत्त करतात; त्यांपैकी ॲझाडिरॅक्टीन हे संयुग १९६८ मध्ये बियांपासून वेगळे करण्यात आले. मात्र सर्वच घरगुती उपाय निर्धोक नव्हते. पाऱ्याच्या गोळ्यांतून विषारी बाष्प निघते. तांदळास बोरिक पूड लावण्याची चालही आरोग्यास अपायकारक आहे.

उंदीर व प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे पहिले रुग्ण मांडवी भागात आढळले. गोव्यात जन्मलेले डॉ. आकासियो व्हिएगश यांनी तेथे रोगाचे निदान केले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा व म्हणून उंदरांचाही भाग होता. रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराची येथील प्रयोगांवरून प्रतिपादिले व १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या संशोधन आयोगाने त्यास पुष्टी दिली. धान्य उंदरांपासून राखणे ही केवळ काटकसरीची नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचीही बाब आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. मातीच्या कोठ्यांच्या जागी पत्र्याचे डबे व पिंपे येऊ लागल्यावर उंदरांपासूनचे संरक्षण सुलभ झाले.

रासायनिक उपाय : डीडीटीचे कीटकनाशक गुणधर्म पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधून काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी व बीएचसी ही द्रव्ये भारतातही प्रसृत झाली. १९५८ मध्ये केरळात व तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत अन्नपदार्थांत मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. या दुर्घटनेनंतरच्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम झाला. याच दशकात भारत सरकारने धान्य बचाव मोहीम सुरू केली. तिच्यात हापूर येथील संस्थेने विकसित केलेल्या धातूच्या कोठीचा प्रसार झाला. त्याचबरोबर कोठीत फोडून ठेवावयाच्या एथिलीन डायब्रोमाइडच्या काचेच्या कुप्याही वापरात आल्या. हे द्रव्य प्राण्यांत कर्करोगकारक असल्याचे आढळल्यावर भारतात २००१ मध्ये त्यावर बंदी घालण्यात आली. बीएचसीवर १९९७ मध्येच बंदी आली होती.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा धोका याहून मोठा आहे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो व त्याच्या विषबाधेवर खास उतारा नाही. वखारीतील प्रशिक्षित व्यक्तींसाठी असलेल्या या गोळ्या राहत्या घरातील धान्यात ठेवल्याने झोपलेल्या माणसांचे मृत्यू ओढवल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती त्या पडू नयेत, असे निर्बंध कायद्याने घातलेले आहेत.

आधुनिक दृष्टी : ‘गव्हाबरोबर किडेही रगडले जातात’ ही म्हण निराळ्या अर्थाने रूढ असली, तरी किडीबरोबर खाणाऱ्यालाही अपाय होऊ नये, हे आधुनिक धान्यरक्षणाचे मुख्य सूत्र आहे. त्यामुळे शास्त्रज्ञांचे लक्ष पुन्हा पहिल्या मार्गाकडे वळले. १९८०–९० या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीच्या साठवणीसाठी वायुरोधक पिशव्यांचे प्रयोग झाले व पुढे त्यांचा अनेक देशांत प्रसार झाला. त्यांच्यामागील तत्त्व पेवाचेच आहे. शीतकपाट असलेल्या घरांत थोडे पीठ वा रवा –१८° से. तापमानाच्या कप्प्यात काही दिवस ठेवल्यास अंडी व अळ्या मरतात. मोठ्या साठ्यासाठी मात्र कडक ऊन, घट्ट झाकणाचे कोरडे डबे, नव्या धान्यात जुने न मिसळणे आणि डबा पुन्हा भरण्यापूर्वी धुऊन वाळविणे हेच उपाय सर्वांत भरवशाचे ठरले आहेत.